न उकळलेल्या पट्ट्या

परीक्षेच्या दिवशीच आमच्या शेगडीचा डावा बर्नर पेटला नाही. मी सहा काड्या ओढल्या. सातवी ओढायला गेले तेव्हा माझ्याच टेबलावर परीक्षेला उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. गॅसच येईना त्यातून." आमच्या सरांनी येऊन पिन घालून पाहिली, फुंकर मारली, नळी हलवली. उजवा बर्नर निळाशार जळत होता, डावा ठार गार. परीक्षक मनगटावरच्या घड्याळाकडं बघत म्हणाले की दोघींनी एकावर भागवा, वेळ वाढवून मिळणार नाही. साडेनऊ वाजले होते. सव्वाअकराला सगळ्यांचे पदार्थ टेबलावर मांडलेले हवे होते. आणि अकरा वाजता लाईट जाणार होती.

ही गोष्ट हिंगोलीतली, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या चारपाच वर्षांतली. शहरात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्वयंपाक आणि बेकरीचा वर्षभराचा कोर्स चालायचा. आम्ही चौदाजणी आणि तिघेजण होतो. शिकवणारे सर मुंबईच्या हॉटेलात पुष्कळ वर्षं काढून, वडील आजारी पडले म्हणून गावी परतलेले. लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट कधी येणार आणि कधी जाणार याचा कागद भिंतीला चिकटवलेला असायचा आणि आमचा सगळा अभ्यासक्रम त्या कागदाप्रमाणं हलायचा.

मी पुसेगावच्या पुढच्या एका तांड्यावरची. आमचे लोक एके काळी बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. माझ्या लहानपणापर्यंत थोडी कोरडवाहू शेती आणि दिवाळीनंतरची ऊसतोड, एवढंच उरलं होतं. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा गेला तर तो अर्धा कोयता. त्यामुळं आमच्याकडं पुष्कळ पोरींची लग्नं हंगाम बघून ठरतात. माझी मोठी बहीण सतराव्या वर्षी अशीच कुणाचा तरी अर्धा कोयता पुरा करायला गेली. मी बारावी झाले तेव्हा शेजारच्या तांड्यावरचं स्थळ तयार होतं. मी दोन दिवस जेवले नाही. बानं, म्हणजे वडिलांनी, शेवटी एक वर्ष दिलं. घरी आम्ही आमची बोली बोलतो, इथं तिचं मराठी करून लिहिते. तो म्हणाला होता, "पास झालीस तर पुढं शिकायला औरंगाबादला जा, मी आडवा येनार न्हाई. नापास झालीस तर दिवाळीच्या आत लगीन. मग तू बोलायचं न्हाई."

परीक्षा मार्चमध्ये होती. याडी, म्हणजे आई, आणि बा दोघंही तेव्हा दूर कारखान्याकडं उसाच्या फडात होते. मी काकीकडं राहून रोज जीपनं हिंगोलीला यायची.

ताई कुरुंद्याकडच्या. वय छत्तीस-सदतीस. नवरा वारून सहा वर्षं झाली होती. शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाकाला मदतनीस होत्या आणि त्यांच्या दोन पोरी तिथंच राहून शिकत होत्या. तिथली मुख्य स्वयंपाकीण त्या उन्हाळ्यात काम सोडणार होती. ताईंना सांगितलं गेलं होतं की सर्टिफिकेट आणा, ती जागा तुमची. नाही आणलं तर नवी बाई येईल, ती आपली मदतनीस आणेल. म्हणजे जागा जाणार आणि जागेबरोबर पोरींची सोयही. हे त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. सरांना सांगताना मी ऐकलं होतं.

आमचं फार जमायचं नाही. पहिल्याच आठवड्यात जेवायला बसलो असताना त्यांनी मला कुठली म्हणून विचारलं होतं. तांड्यावरची, असं मी म्हटल्यावर त्यांनी आपला डबा पलीकडं सरकवला. फार नाही, वीतभर. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मग वर्षभर आम्ही एकाच टेबलावर कांदे चिरले, कणीक मळली, पण बोलणं कामापुरतंच.

परीक्षेचे पदार्थ चिठ्ठ्यांनी ठरायचे. परीक्षक औरंगाबादहून आठला पोचणार होते, ते आले सव्वानऊला. आल्या आल्या त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा पुढं केला. ताईंना पुलाव आणि कोफ्ता करी आली. दोन्ही गॅसवरचे पदार्थ, दोन्ही वेळखाऊ. माझ्या चिठ्ठीत लझानिया होतं.

या पदार्थाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, लसणाचं काहीतरी असेल. सरांनी मग समजावून सांगितलं. गव्हाच्या पिठाच्या वाळवलेल्या, वहीच्या पानासारख्या चपट्या पट्ट्या. त्या मिठाच्या उकळत्या पाण्यात आठदहा मिनिटं शिजवायच्या, ओल्या फडक्यावर अलग अलग पसरायच्या. मग ट्रेमध्ये टोमॅटोचा लाल सॉस, त्यावर पट्ट्या, त्यावर भाज्या आणि दुधामैद्याचा व्हाइट सॉस, पुन्हा पट्ट्या, असे थर. वरून किसलेलं चीज आणि विजेच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. पट्ट्यांचं पाकीट नांदेडहून आणावं लागायचं, म्हणून वर्षभरात आम्ही हे एकदाच केलं होतं. त्या दिवशी उकळलेल्या निम्म्या पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. सर चिडले होते. त्या दिवसाची आणखी एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात होती. पट्टीचा एक तुटका तुकडा लाल सॉसच्या कढईत पडून राहिला होता. भांडी घासताना तो मला सापडला. कच्चाच पडलेला, पण मऊ झालेला. मी तो तोंडात टाकला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

बर्नर एक आणि आम्ही दोघी. ताई म्हणाल्या, "तुझं अगोदर कर. लाईट जायच्या आत तुझं ओव्हनमधी जायला पायजे." त्यांच्या आवाजात माया नव्हती, हिशेब होता, आणि तो बरोबर होता. मी लाल सॉस चढवला. माझ्या शेजारी उभ्या राहून त्यांनी कोफ्त्यासाठी बटाटे कुस्करले, कांदा चिरला, तांदूळ धुऊन निथळत ठेवला. एवढं झाल्यावर त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. त्या हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. पुसून झाल्यावर पुन्हा पुसू लागल्या.

लाल सॉस झाला. व्हाइट सॉस करताना घाईत गुठळ्या झाल्या, त्या मोडत बसले. दहाला पाच कमी असताना दोन्ही सॉस उतरले. मी मोठं पातेलं पाण्यानं भरून बर्नरवर ठेवलं आणि मीठ टाकलं. तेव्हा ताईंनी पहिल्यांदा घड्याळाकडं पाहिलं, मग पातेल्याकडं. त्यांचे ओठ हलत होते. त्या मिनिटं मोजत होत्या. मीही मोजायला लागले. पाण्याला उकळी यायला वीस मिनिटं, पट्ट्या शिजायला दहा, त्याही दोन वेळा टाकाव्या लागणार, पातेलं उंच पण अरुंद. म्हणजे साडेदहा-पावणेअकरापर्यंत बर्नर माझा. माझं कसंबसं निभणार होतं. पण ताईंना उरणार होता अर्धापाऊण तास. त्यात पुलाव झाला असता नाहीतर कोफ्ते. दोन्ही होणार नव्हते. एक पदार्थ राहिला की नापास, हा नियम सकाळीच वाचून दाखवला होता.

त्या काही म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडल्या असत्या तर मी पातेलं तसंच ठेवलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पाणी लई हाय गं ह्यात."

मी पाण्यात बोट घालून पाहिलं. कोमटही नव्हतं. मला त्या वेळी त्यांच्याबद्दल दया आली असं मी म्हणणार नाही. माझ्या डोक्यात त्यांचा तो सरकवलेला डबा होता, बाचं बोलणं होतं, त्या दिवसाचा चिकटलेल्या पट्ट्यांचा गोळा होता. मला मिळालेल्या पट्ट्या मोजून नऊ होत्या. त्यातल्या तीन चिकटल्या तरी माझं संपलं असतं. आणि त्या सगळ्यात तो कढईतला मऊ तुकडा आठवला. मी हळूच विचारलं, "ताई, कच्च्याच टाकल्या तर शिजतील का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पट्टी हातात घेऊन वाकवली, नखानं खरवडली. म्हणाल्या, "कनकेच्या चकोल्या काय आपन आधी उकडून टाकतो का? वरनात सोडल्या की वरनातच शिजतेत. पर वरन पातळ लागतं." पट्टी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "ह्याचं मला न्हाई माहीत. माझ्यासाठी करून राहिली असशील तर करू नको. नापास झालीस तर मला तोंड ऱ्हाणार न्हाई दाखवायला."

मी पातेलं उतरवलं. बर्नरवर ताबडतोब त्यांची कढई चढली.

आता मागं फिरता येणार नव्हतं. मी लाल सॉसमध्ये त्याच पातेल्यातलं दीड पेला पाणी घातलं. सॉस अगदी पातळ वरणासारखा झाला. सर दोन टेबलांपलीकडून पाहत होते. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण परीक्षेत त्यांना बोलायची मनाई होती. त्यांनी तोंड फिरवलं आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी ट्रेच्या तळाला सॉसचा जाड थर दिला. कोरड्या पट्ट्या ठेवताना त्या कडकड वाजत होत्या. एक मोडली. मी तिचे तुकडे जुळवून बसवले. गाजर, पालक, व्हाइट सॉस. पुन्हा लाल सॉस, पुन्हा पट्ट्या. एकही कोपरा सॉसच्या वर दिसू नये म्हणून मी चमच्याच्या पाठीनं दाबत गेले. चीज पसरलं. वाफ आत कोंडावी म्हणून ट्रेवर एक ॲल्युमिनियमचं ताट उपडं घातलं. सव्वादहाला ट्रे ओव्हनमध्ये गेला. पाऊण तास मिळाला तर शिजेल, असा माझा अंदाज होता. अंदाजच. कुणाला विचारणार होते?

त्यानंतर मला काम नव्हतं. ओव्हनच्या दाराला काच होती, पण ती इतकी धुरकट की आत काही दिसायचं नाही. मी दाराजवळ उभी राहून कान देत होते. बऱ्याच वेळानं आतून बारीक बुडबुड ऐकू आली तेव्हा मला थोडा धीर आला. मागं ताईंचे कोफ्ते तळले जात होते. तेलाचा आवाज आणि त्यांच्या बांगड्यांचा आवाज.

अकराला वीस मिनिटं कमी असताना पंखा थांबला.

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. भिंतीवरच्या कागदाप्रमाणं अजून वीस मिनिटं बाकी होती, पण कागदाला कोण विचारतं? ओव्हनचा लाल दिवा विझला होता. फक्त पंचवीस मिनिटं झाली होती. परीक्षक उठले. वहीत काही लिहिलं आणि सरळ ओव्हनकडं आले. "ज्यांचं आत आहे त्यांनी बाहेर काढा, आहे तसं बघून घेतो," असं म्हणत त्यांनी ओव्हनच्या दाराला हात घातला.

मी त्यांच्या आणि दाराच्या मधे गेले. कशी गेले ते आज सांगता येणार नाही. आमच्या तांड्यावर ऊसतोडीच्या मुकादमासमोर उभं राहताना मोठी माणसंही खाली बघून बोलतात. मी म्हणाले, "सर, दार उघडू नका. सव्वाअकरापर्यंतचा वेळ माझा आहे."

लाईट नसताना आत काय होणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं की आत गरमी आहे, दार बंद राहिलं तर ती राहील. आमचे सर खिडकीपासून वळले होते. मला वाटलं, आता परीक्षक मला बाहेर काढतील. परीक्षकांनी हात मागं घेतला. "तुमची जबाबदारी," एवढंच बोलून ते पुढच्या टेबलाकडं गेले.

पुढची पस्तीस मिनिटं मी त्या दाराला जवळजवळ टेकून उभी होते. पत्र्याची ऊब पोटाला लागत होती. ऊब कमी होतेय की तेवढीच आहे, हे मी सारखी हातानं चाचपत होते. पावणेअकरा, अकरा. मार्चचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. ताईंचा पुलाव दमाला लागला होता. एकदा त्यांनी जवळ येऊन माझ्या कानाशी सांगितलं, "इचारलं तर आठ मिनटं उकळल्या म्हन." मी मान हलवली. खोटं बोलायचं मीही ठरवलं होतं.

सव्वाअकराला मी ट्रे बाहेर काढला. उपडं ताट उचललं तेव्हा वाफेचा लोट आला. चीज वितळलं होतं, पण पांढरंफटक होतं, कुठं तांबूस डाग नाही. परीक्षकांनी सुरी घेतली. मधोमध घातली. सुरी खाली गेली, अडली नाही. त्यांनी चौकोन कापून उचलला. थर वेगळे दिसत होते आणि पट्टी वाकत होती. त्यांनी एक घास खाल्ला. मग कोपऱ्याचा तुकडा कापला. तिथं सुरी करकरली. तो कोपरा कच्चा राहिला होता. मोडलेली पट्टी मी तिथंच जुळवली होती.

"शीट्स किती मिनिटं उकळल्या?" त्यांनी विचारलं.

आठ, हा शब्द तोंडात तयार होता. पण मला तो काढता आला नाही. मी म्हणाले, "उकळल्या नाहीत, सर. कच्च्याच घातल्या. सॉस पातळ केला होता."

"का?"

मी बर्नरकडं पाहिलं. एक सांगितलं की दुसरं सांगावं लागलं असतं, आणि ताईंचं ताट अजून तपासायचं होतं. तेवढ्यात ताई पुढं आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाल्या, "सर, बर्नर एकच चालू होता. तिनं तो मला दिला. ह्यात काय चूक असंल तर ती माझी लिहा."

परीक्षकांनी वही बाजूला ठेवली. मग त्यांनी आणखी एक चौकोन कापला, मधला, आणि उभ्या उभ्या सगळा खाल्ला. चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. वहीत बराच वेळ लिहीत होते. ते काय लिहितात हे दिसावं म्हणून मी टाचा उंच केल्या, पण अक्षर लागलं नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी, हॉटेलात काम करताना, मी एका पाकिटावर वाचलं की या पट्ट्या उकळायची गरज नाही, सॉस जास्त घाला आणि झाकून भाजा. जगात हे कधीचंच चालू होतं. माझ्यासारखी आणखी कोण कुठं अडली असेल आणि तिनं हे काढलं असेल, असं मनात आलं.

निकाल मे महिन्यात लागला. मधले सहा आठवडे मी नीट झोपले नाही. याडी आणि बा एप्रिलमध्ये फडावरून परतले. स्थळाकडची माणसं एकदा येऊन चहा पिऊन गेली. बा त्यांच्याशी गोड बोलला आणि माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. मी पास झाले. प्रॅक्टिकलला पासापुरते मार्क होते, दोनच वर. ताईंना प्रॅक्टिकलला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळाले, पण लेखी पेपरात त्या नापास झाल्या. लिहिण्याची सवयच राहिली नव्हती. मला ते ऐकून कसंतरीच झालं. मी वसतिगृहात जाऊन त्यांना भेटले. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या की ऑक्टोबरला पुन्हा बसते म्हणून सांगितलंय, तोवर जुनी स्वयंपाकीण थांबायला तयार झाली. मग मी त्यांच्या धाकट्या पोरीच्या वहीत, पेपरात येतील असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोठ्या अक्षरात लिहून दिली. तीन दुपारी लागल्या. ऑक्टोबरात त्या पास झाल्या, ती जागाही त्यांना मिळाली.

निकालाच्या कागदावरचं बाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो शाळेतल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर बदलून तो शेजारच्या तांड्यावर गेला. याडी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चुलीपुढं बसून उगाच लाकडं मागंपुढं करत होती. त्या घरात आधीपासून आमची सोयरीक होती, नकार देणं सोपं नव्हतं, हे मलाही कळत होतं. ऊन कलल्यावर बा आला. पाय धुतले, पाणी प्याला.

"सांगून आलो," तो म्हणाला.

याडीनं विचारलं, काय सांगितलं. तो म्हणाला, "पोरगी पास झाली म्हनलं. ह्या साली न्हाई. पुढच्या सालचं पुढच्या साली बघू."

मला पूर्ण नकार हवा होता. तो मिळाला नव्हता. एक वर्ष मिळालं होतं, आणि ते मागायला बा उन्हातून दोन कोस चालत गेला होता. याडीनं भाकरी थापायला घेतली आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी औरंगाबादच्या एसटीत बसले. रानात पेरणीची घाई होती, बाला थांबायला वेळ नव्हता. तरी गाडी हलेपर्यंत तो खिडकीखाली उभा राहिला, आणि सगळा वेळ ड्रायव्हर कधी येतो तेवढंच बघत होता.